परत मिळणारा पैसा

आज आपण बाजारहाटाबद्दल बोलू. बाजार कुणाला चुकला आहे? मीठ-मिरची लागते, तेल लागते, साबण लागतो, पोरांना वह्या लागतात. घरात पैसा येतो तो कष्टाने येतो आणि जातो तो बाजारात जातो. तो कसा जातो, हे आपण पाहतोच. पण आता कुणी म्हणतो, "मोबाइलवरून माल घ्या, त्यातला थोडा पैसा तुम्हाला परत मिळेल." याला कॅशबॅक म्हणतात. कॅशबॅक म्हणजे दिलेल्या पैशातली काही रोख परत.

हे ऐकून काही जण हरखून जातात. काही जण म्हणतात, "सगळी फसवाफसवी आहे, हात लावू नका." आम्ही म्हणतो, दोन्ही उतावळेपण आहे. गोष्ट आधी समजून घ्यावी, मग घ्यायची की सोडायची ते ठरवावे. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. हिशेब मांडता येतो. मग भ्यायचे कशाला आणि भुलायचे तरी कशाला?

ही रीत नवी नाही

भाजीवाली भाजी मोजून देते आणि वर मूठभर कोथिंबीर टाकते. दुकानदार पोराच्या हातावर गोळी ठेवतो. का? तुम्ही पुन्हा त्याच्याकडे यावे म्हणून. गिऱ्हाईक टिकावे म्हणून थोडे वर द्यायचे, ही रीत फार जुनी आहे.

इंग्लंडात रॉचडेल नावाचे गाव आहे. तिथे 1844 साली 28 जणांनी मिळून एक दुकान काढले. त्यांत विणकर होते, इतर कामकरी होते. सगळे गरीब. बाहेरचे दुकानदार भेसळ करीत, माप मारीत. म्हणून त्यांनी थोडे थोडे पैसे साठवले आणि स्वतःचे दुकान उघडले. पहिल्या दिवशी दुकानात होते काय? पीठ, लोणी, साखर असा थोडकाच माल. पण त्यांचा एक नियम मोठा शहाणपणाचा होता. दुकानाला नफा झाला की तो सभासदांना परत द्यायचा. ज्याने जेवढी खरेदी केली, त्याला त्या प्रमाणात. जास्त घेतले त्याला जास्त, कमी घेतले त्याला कमी.

बघा, खरेदीवर पैसा परत मिळाला की नाही? पण तिथे दुकानच त्यांचे होते. आपल्याकडेही सहकारी ग्राहक भांडारे याच वाटेने निघाली. मुंबईत नायगावला 1948 साली गिरणी कामगारांनी अपना बाजार सुरू केला. 1975 साली मुंबई ग्राहक पंचायत निघाली. तिथे शेजारी शेजारी एकत्र येऊन महिन्याचा माल एकदम घेतात आणि वाटून घेतात. घाऊक घेतला की भाव उतरतो.

पुढे मोबाइल आणि इंटरनेट आले. 1998 साली अमेरिकेत ईबेट्स नावाची कंपनी निघाली. ती इंटरनेटवरच्या खरेदीतला काही पैसा गिऱ्हाइकाला परत देई. आपल्या देशात 2013 साली कॅशकरो ही कंपनी त्याच धर्तीवर सुरू झाली. आता अशा अनेक वेबसाइट आहेत, ॲप आहेत.

पैसा येतो कुठून?

पहिला प्रश्न हाच विचारावा. कुणी पैसे देतो म्हटले की विचारावे, "बाबा, तू हे आणतोस कुठून?"

बाजार समितीतला अडत्या तुम्हाला माहीत आहे. तो माल विकून देतो आणि अडत घेतो. कॅशबॅकची वेबसाइट म्हणजे असाच एक अडत्या समजा. इंटरनेटवर माल विकणारी मोठी दुकाने आहेत. त्यांना गिऱ्हाईक पाहिजे असते. वेबसाइट त्यांना गिऱ्हाईक पाठवते. गिऱ्हाइकाने माल घेतला की दुकान वेबसाइटला दलाली देते. त्या दलालीतला काही भाग वेबसाइट स्वतः ठेवते आणि काही भाग गिऱ्हाइकाला देते. तुमच्या हातात येतो तो हा भाग.

म्हणजे यात कुणी दान करीत नाही, आणि जादूही नाही. दुकानाला विक्री मिळते, वेबसाइटला दलाली मिळते, तुम्हाला थोडा पैसा मिळतो. एवढे ध्यानात आले की एक गोष्ट आपोआप कळते. खऱ्या वेबसाइटला पैसा दुकानाकडून मिळतो. तेव्हा "सभासद व्हायचे असेल तर आधी पाचशे रुपये भरा" असे कुणी म्हणाला, तर तिथूनच मागे फिरावे.

काम चालते कसे?

आता रीत सांगतो. सावकाश ऐका.

पहिली पायरी. त्या वेबसाइटवर आपले नाव आणि मोबाइल नंबर नोंदवायचा. मोबाइलवर एक आकडा येतो. त्याला ओटीपी म्हणतात. तो आपण स्वतः तिथे लिहायचा. फोनवर मागणाऱ्याला तो कधीही सांगायचा नाही.

दुसरी पायरी. त्या वेबसाइटवर दुकानांची यादी असते. आपल्याला हवे त्या दुकानावर बोट ठेवायचे. मग त्या दुकानाचे पान उघडते. त्याच वेळी एक खूण केली जाते, की हे गिऱ्हाईक अमक्या वेबसाइटकडून आले. चिठ्ठी देऊन माणूस पाठवावा तसेच हे.

तिसरी पायरी. तिथेच आणि त्याच वेळी खरेदी पुरी करायची. मधेच दुसरीकडे गेलात, दुसऱ्या कुणाचे कूपन लावले, तर ती खूण पुसली जाऊ शकते. खूण पुसली की दलाली नाही आणि परत मिळणारा पैसाही नाही.

चौथी पायरी. थांबायचे. पैसा लगेच हातात पडत नाही. तुम्ही माल परत करता की ठेवता, हे दुकान आधी पाहते. तोवर तुमच्या नावापुढे "प्रलंबित" असे लिहिलेले असते. प्रलंबित म्हणजे अजून पक्के नाही. महिना, दोन महिने, कधी त्याहून जास्त लागतात. मग "मंजूर" असे येते. माल परत केला तर काही मिळत नाही.

पाचवी पायरी. ठरावीक रक्कम साठली की ती आपल्या बँक खात्यात घ्यायची. काही ठिकाणी रोख देत नाहीत, पुढच्या खरेदीचे कूपन देतात. कूपन म्हणजे रोख नव्हे. कूपन वापरायचे तर पुन्हा माल घ्यावा लागतो.

खरेदीचा नंबर वहीत लिहून ठेवावा. पैसा आला नाही तर तक्रार करताना तोच विचारतात.

तीन लहान शब्द

तुम्ही अक्षरे शिकलात त्याचा उपयोग इथे आहे. जाहिरातीत आकडा मोठा असतो आणि शब्द लहान असतो. आपण मोठे अक्षर वाचतो, लहान सोडतो. तसे करू नका. तीन शब्द नेमके शोधा.

पहिला शब्द "पर्यंत". जाहिरात म्हणते, "100 रुपयांपर्यंत कॅशबॅक." आपल्याला वाटते, शंभर रुपये मिळणार. पण "पर्यंत" म्हणजे जास्तीत जास्त शंभर. पाच मिळाले तरी तो खोटे बोलला असे होत नाही. मोबाइलवर खरवडायचे कार्ड येते, त्यातून तीन रुपये निघतात, ते यामुळेच.

दुसरा शब्द "किमान". किमान म्हणजे कमीत कमी. "किमान 500 रुपयांच्या खरेदीवर." म्हणजे 499 ची खरेदी केली तर काही नाही.

तिसरा शब्द "अटी लागू". हा तर मुंगीएवढ्या अक्षरांत असतो. त्या अटींत लिहिलेले असते की कोणत्या मालाला सवलत आहे, कोणत्याला नाही. मुदत कधी संपते. कर आणि घरपोच आणण्याचा आकार वगळून हिशेब करणार की नाही. वाचता आले नाही तर शिकलेल्या पोराकडून वाचून घ्या. त्यात लाज नाही. न वाचता बोट ठेवले तर तोटा आपला आहे.

हिशेब मांडून पाहू

आता पाटी-पेन्सिल घ्या. नुसते ऐकू नका.

समजा, घरात महिन्याचा किराणा घ्यायचा आहे. मोबाइलवर त्याची किंमत 1200 रुपये. कॅशबॅक शेकडा 5. म्हणजे 60 रुपये परत. पण घरपोच आणून देण्याचे 40 रुपये घेतात. तेव्हा 1200 अधिक 40 झाले 1240. त्यातून 60 गेले. राहिले 1180. तालुक्याच्या दुकानात तोच माल, तेच वजन, 1150 ला मिळतो. मग कुठे स्वस्त? दुकानात. तीस रुपयांनी. आणि मोबाइलवाले साठ रुपये मिळणार दोन महिन्यांनी.

दुसरे उदाहरण. फवारणीचा पंप घ्यायचा आहे. मोबाइलवर 2400, आणण्याचा खर्च नाही, कॅशबॅक शेकडा 4. म्हणजे 96 रुपये परत. पंप पडला 2304 ला. तालुक्यात तोच पंप 2550 ला. इथे मोबाइलवर 246 रुपये वाचले. मग घ्यावा का? घ्यावा. पण आधी विचारावे, बिघडला तर दुरुस्त कोण करणार? गावाजवळचा दुकानदार करून देतो का? दुरुस्तीसाठी दोन वेळा जिल्ह्याला जावे लागले तर एस. टी. च्या भाड्यातच वाचलेले पैसे जातील. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असे होऊ नये.

म्हणजे परत किती मिळते हे पाहू नये. शेवटी आपल्या खिशातून गेले किती, हे पहावे.

आता एका घरातले बोलणे ऐका. सून सासूला म्हणते,

"आत्या, पन्नास रुपये परत मिळतायत. पाचशेचा माल घ्यायला पाहिजे."

"आपल्याला लागतो केवढ्याचा?"

"तीनशे वीसचा."

"मग वरचे एकशे ऐंशी कशाला गं?"

"पन्नास मिळतात म्हणून."

"अगं, एकशे ऐंशी घालायचे आणि पन्नास आणायचे. मग एकशे तीस गेले कुणीकडे?"

सून गप्प बसली. सासूबाईंना मोबाइल येत नसेल, पण वजाबाकी पक्की येते! हां, पुढच्या महिन्याला लागणारा साबण असेल तर गोष्ट निराळी. साबण काही नासत नाही. पण नको असलेली वस्तू स्वस्त मिळाली तरी ती महागच.

तसेच उसन्या पैशाचे. काही जण क्रेडिट कार्डावर माल घेतात, कारण त्यावर शेकडा एक-दोन रुपये परत मिळतात. बिल मुदतीत पूर्ण भरले तर ठीक. थकले तर महिन्याला शेकडा तीनच्या घरात व्याज चढते. एक रुपया मिळवायचा आणि दर महिन्याला तीन घालवायचे, हा कुठला व्यवहार?

आणखी एक. आपला गावातला दुकानदार पाऊस लांबला की उधार देतो. रात्री-अपरात्री दार वाजवले तर उठतो. मोबाइलवरचे दुकान तुम्हाला ओळखत नाही. याचीही किंमत आहे. मात्र गावचा दुकानदार वाजवीपेक्षा जास्त घेत असेल, तर मोबाइलवरचा भाव त्याला दाखवा. "काका, हा भाव बघा, तुम्हाला कितीला परवडेल?" असे विचारा. भाव माहीत असलेल्या गिऱ्हाइकाला फसविणे सोपे नसते.

चोर कसा येतो?

आता सगळ्यांत महत्त्वाचे सांगतो. कॅशबॅकच्या नावाखाली चोरही फिरतात. पन्नास रुपये मिळाले नाहीत तर घर बुडत नाही. पण चोराच्या हाती खाते लागले तर डेअरीतून आलेले दुधाचे पैसे, कांद्याची पट्टी, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली रक्कम, सगळे घटकेत जाते.

चोराच्या चार तऱ्हा ओळखून ठेवा.

पहिली तऱ्हा. फोन येतो. "अभिनंदन! तुम्हाला दोन हजारांचा कॅशबॅक लागला आहे. मी चौकोनी चित्र पाठवतो, ते स्कॅन करा आणि पिन टाका." त्या चित्राला क्यू आर कोड म्हणतात. मंडळी, 2016 साली आपल्या देशात यूपीआय सुरू झाले, तेव्हापासून एक नियम कायम आहे. पिन लागला तर तो पैसे देताना लागतो, पैसे घेताना पिन लागत नाही. पिन म्हणजे आपल्या तिजोरीची किल्ली. कुणी आपल्याला पैसे द्यायला आला, तर तो आपली किल्ली कशाला मागेल? पिन टाकला की पैसे येत नाहीत, जातात. पूर्वी चोर पैशाची मागणी पाठवीत आणि आपण भोळेपणाने "हो" म्हणत असू. माणसाने माणसाकडे अशी मागणी पाठविण्याची सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद झाली आहे. पण क्यू आर कोडची युक्ती चोरांनी सोडलेली नाही.

दुसरी तऱ्हा. व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. "हे ॲप घ्या, कॅशबॅक मिळवा." ती उघडली की मोबाइलमधले संदेश चोराला दिसू लागतात. ओटीपी त्याच्याकडे जातो. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडू नका. ओळखीच्याने पाठवली तरी त्याला आधी फोन करून विचारा. त्याचाही मोबाइल चोराच्या हाती गेलेला असू शकतो.

तिसरी तऱ्हा. "घरबसल्या काम करा, खरेदी करा, दलाली मिळवा." सुरुवातीला शंभर-दीडशे रुपये खरोखर देतात. माणसाचा विश्वास बसतो. मग म्हणतात, "आता पाच हजार भरा, सात हजार मिळतील." मग दहा, मग पन्नास हजार. शेवटी पैसेही जातात आणि फोनही बंद. मासे धरणारा आधी गळाला आमिष लावतो, तसेच हे.

चौथी तऱ्हा. आपले पैसे कुठे अडकले म्हणून आपण इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधतो. तिथे चोरांनी आपलेच नंबर टाकलेले असतात. ते गोड बोलतात आणि म्हणतात, "एक ॲप घ्या, मी इथून दुरुस्त करून देतो." त्या ॲपमधून त्यांना आपला मोबाइल दिसतो. म्हणून मदतीचा नंबर त्या कंपनीच्या स्वतःच्या ॲपमधूनच घ्यावा.

एवढे करूनही कुणाचा पैसा गेला तर काय करायचे? पहिली गोष्ट, लपवू नका. "लोक हसतील" म्हणून दोन दिवस गप्प बसलात तर पैसा हातोहात दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातो. ताबडतोब 1930 या नंबरवर फोन करा. हा सरकारी नंबर आहे. लवकर कळविले तर पैसा वाटेतच अडविता येण्याची आशा असते. लगेच आपल्या बँकेलाही कळवा आणि खाते थांबवा. मग पोलीस ठाण्यात तक्रार लिहून द्या. घरातल्या कर्त्या माणसांनाही आम्ही सांगतो, पोराच्या नाहीतर बायकोच्या हातून असे घडले तर आधी आरडाओरडा करू नका. आधी 1930 लावा. रागवायला पुढे पुष्कळ वेळ आहे.

आणि चोरी नव्हे, पण दुकानाने फसवले, माल खराब दिला, कबूल केलेले दिले नाही, तर त्यासाठी 1915 हा ग्राहकांचा नंबर आहे. त्यावर विनामूल्य सल्ला मिळतो. ग्राहकाच्या हक्कांचा नवा कायदा 2019 साली झाला. मोबाइलवरून केलेली खरेदीही त्या कायद्यात येते. हा हक्क आपला आहे. तो मागायला संकोच नको.

वही घाला

आता शेवटचे. आमचे ऐकून कुणी म्हणेल, "मग हे करायचे तरी की नाही?" ज्याच्याकडे मोबाइल आहे, ज्याला अटी वाचता येतात, आणि जी वस्तू तशीही घ्यायचीच आहे, त्याने जरूर करावे. थेंबे थेंबे तळे साचे. वर्षाकाठी दोन-चारशे रुपये वाचले तर पोरांच्या वह्यांची सोय होते. पण ही काही कमाई नव्हे. ज्याने जास्त खरेदी केली त्याने जास्त कमावले, असे इथे होत नाही. खर्च तो खर्चच.

म्हणून एक वही घाला. तिच्यात पाच रकाने आखा. पहिल्या रकान्यात वस्तू. दुसऱ्यात मोबाइलवरची सगळी किंमत, आणण्याचा आकार धरून. तिसऱ्यात परत मिळणार ती रक्कम. चौथ्यात गावातली किंमत. पाचव्यात पैसा खरोखर परत आला ती तारीख. तीन महिने लिहा. मग घरातल्या सगळ्यांनी मिळून ती वही वाचा. कुठे वाचले, कुठे गेले, वही स्वतःच सांगेल. कुठली जाहिरात इतके खरे बोलणार नाही.

दहा-पंधरा घरे एकत्र आली तर आणखी चांगले. सगळ्यांचा तेल-साबण-डाळीचा हिशेब एकत्र करा आणि घाऊक व्यापाऱ्याकडे भाव विचारा. रॉचडेलच्या विणकरांनी आपल्याहून बिकट दिवसांत हे केले होते. मोबाइल परत देतो त्यापेक्षा जास्त त्यात वाचू शकेल. दोन्ही भाव त्याच वहीत शेजारी शेजारी मांडून पहा.

आता उठण्यापूर्वी सगळ्यांनी मिळून एक वाक्य पाटीवर लिहा, आणि घरी जाऊन मोबाइल वापरणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवा:

पैसे घेताना पिन लागत नाही.